२००८ सालातलं डोहाळजेवण

"माई, ओ माई! आहात का मागच्या दारी? ऐकलंत का?"

"कढीपत्ता हवाय की बातमी द्यायचीय, ते आधी सांग."

"दोन्ही. कोपऱ्यावरच्या बंगल्यात रामायण झालंय. मोठ्या सुनेचं डोहाळजेवण झालं ना रविवारी, त्याचे सगळेच्या सगळे फोटो धाकटीनं उडवले!"

"उडवले म्हणजे?"

"पुसले हो. कॅमेऱ्यात एक नाही, लॅपटॉपवर एक नाही. गिरणीवाल्या काकू म्हणत होत्या, मुद्दामच केलं असणार. दोघी जावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य काय आजचं आहे का?"

"काकू होत्या का तिथं?"

"त्या कुठल्या! त्यांना दळण न्यायला आलेल्या मावशींनी सांगितलं."

"म्हणजे बातमी दळून आलीय. बरं, पुढं?"

"पुढं काय! एवढा झोपाळा सजवलेला, फुलांचे दागिने, पुण्याहून माहेरची माणसं आलेली, आणि हातात काय, तर शून्य. फोनवर काढले असते तर? पण नाही, माळ्यावरचा जुना डिजिटल कॅमेराच हवा. हल्ली कॉलेजच्या पोरांना त्याचंच खूळ लागलंय म्हणे."

"खूळ कसलं? त्या फ्लॅशचा उजेड आवडतो त्यांना. धाकटी बिचारी दिवसभर फोटोच काढत होती. स्वतः एकाही फोटोत नाही."

"तुम्हाला हो काय माहीत?"

"काल संध्याकाळी मीच जाऊन आले. सापडले सगळे."

"अगं बाई! आणि मला एवढं बोलू दिलंत?"

"तू श्वास घेशील तेव्हा सांगू ना."

"घेतला. कुठं होते?"

"२००८ सालात."

"माई, चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं. कॅमेरा कित्येक वर्षं माळ्यावर पडून. बॅटरी तर उतरतेच, आतल्या घड्याळापुरता साठा असतो तोही संपतो. आता बॅटरी चार्ज करून चालू केला की तो पहिल्यांदा तारीख विचारतो. पाहुणे दारात, हिनं घाईघाईत ओके, ओके दाबलं. त्यानं आपली कारखान्यातली तारीख धरली, १ जानेवारी २००८. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप लिहिली जाते, एक्झिफ म्हणतात त्याला. वायर लावल्यावर लॅपटॉपनं विचारलं, इम्पोर्ट करू का? हो म्हटल्यावर त्यानं ती तारीख वाचली, २००८-०१ नावाचं फोल्डर केलं आणि सगळे फोटो त्यात नेऊन ठेवले. ही शोधतेय या आठवड्यात. आणि फोटो पार खाली, होणाऱ्या बापाच्या मुंजीच्या फोटोंशेजारी!"

"म्हणजे मुलाच्या मुंजीच्या आधीच सुनेचं डोहाळजेवण! पण मग कॅमेऱ्यातले कुठं गेले?"

"इम्पोर्टच्या त्या खिडकीत एक चौकोन असतो, फोटो आणून झाले की कॅमेऱ्यातले काढून टाकू का म्हणून. त्यावर टिक पडलेली. कॅमेरा रिकामा, लॅपटॉपवर दिसत नाहीत. मग काय, घरात रडारड."

"पण खरंच पुसले गेले असते तर?"

"म्हणूनच फोन आला तेव्हा मी पहिलं सांगितलं, त्या कार्डावर आता एकही नवीन फोटो काढू नका. पुसलं म्हणजे फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडलेलं असतं, मजकूर जागेवरच राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते असले फोटो शोधून काढतं. पेन ड्राइव्हवर घेऊनच गेले होते, पण लागलं नाही."

"तुमचं आपलं बरं आहे. गावभागात स्टुडिओच होता तुमचा."

"रोलच्या दिवसांत हा ताप नव्हता. ३६ फोटो झाले की रोल धुवायला, डोळे कुणाचे मिटले ते चार दिवसांनी कळायचं. डिजिटल आल्यावर हे गिऱ्हाइकांना पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट सांगत बसायचे. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं बनवलेला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक काळापांढरा फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. आणि बघायचा तर कॅसेट काढा, दुसऱ्या यंत्रात घाला, ते टीव्हीला जोडा. हे म्हणायचे, फोटो काढण्यापेक्षा तो बाहेर काढायचाच व्याप पहिल्या दिवसापासून मोठा!"

"थांबा, दूध ठेवलंय. ...हं, आले. तर काय म्हणत होतात? मग त्या तारखा आता तशाच राहणार?"

"छे! झोपाळ्याच्या एका फोटोत मागं भिंतीवरचं घड्याळ आलंय, पाच वाजून वीस मिनिटं. तारीख आपल्याला ठाऊकच. कॅमेऱ्याची वेळ आणि खरी वेळ यातला फरक काढला आणि सगळे फोटो एकदम तेवढे पुढं सरकवले. तशी सॉफ्टवेअरं मिळतात. कॅमेऱ्याचं साल चुकलं तरी दोन फोटोंमधलं अंतर चुकत नाही."

"म्हणजे पंगत कधी बसली तेही कळलं?"

"कळलं तर! सासूबाई सांगतात साडेसहाला पानं घेतली. फोटो म्हणतो आठ वाजून दहा."

"तरीच! माझ्या जाऊबाई उपाशीपोटी परत आल्या. बरं, आणि ते वाटीचं? पेढा निघाला म्हणे. सासूबाई गल्लीभर सांगत फिरतायत, मुलगा होणार म्हणून."

"..."

"गप्प का झालात? माई?"

"वाटी उचलतानाचा फोटो फार सुंदर आलाय. हिरवा चुडा, बोटांना मेंदी, वाटी अर्धी तिरकी. आणि वाटीखाली चौकोनी बर्फी. वर्खाचा तुकडा वाटीच्या काठाला चिकटलाय तोसुद्धा दिसतो."

"बर्फी! म्हणजे मुलगी! आणि त्या पेढा-पेढा करत..."

"होईल ते होईल. ती एक गंमत. पण तू कुठं बोलू नकोस."

"मी? मी कशाला बोलतेय? बरं, एक विचारू? आमच्या ह्यांचाही तसाच कॅमेरा कपाटात पडलाय. कार्ड भरलेलं आहे. पण वायर सापडत नाही, आणि नवीन लॅपटॉपला कार्डाची फटच नाही."

"फोनच्या चार्जरची वायर नको लावूस. जुन्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं, मिनी यूएसबीचं. काहींचं तर त्या-त्या कंपनीचंच असतं. आणि चार्जिंगच्या कित्येक वायरींत फोटो वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. त्यापेक्षा मोबाइलच्या दुकानातून कार्ड रीडर आण. कार्ड त्यात घालायचं, रीडर लॅपटॉपला लावायचा. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, आत डीसीआयएम नावाचं फोल्डर असतं, फोटो त्यात."

"मग ते उचलून इकडं टाकायचं."

"उचलून नाही. कट नाही करायचं, कॉपी करायचं. मध्येच वीज गेली, रीडर हलला, तरी मूळ कार्डावर राहायला हवं. एसडी कार्डाच्या कडेला बारीकशी कळ असते, ती आधी लॉककडं सरकव, म्हणजे चुकून डिलीट दाबलं तरी कार्डाला सहसा धक्का लागत नाही. आणि प्रत्येक समारंभाला वेगळं फोल्डर. कॅमेरा फोटोंना नुसते नंबर देतो, ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कॅमेऱ्याचेही तेच नंबर. एकाच फोल्डरमध्ये ओतलेस की लॅपटॉप विचारतो, रिप्लेस करू? घाईत हो म्हटलंस की बारशावर मुंज बसली!"

"मग कार्ड पुसायचं कधी?"

"लॅपटॉपवर पाच-दहा फोटो पूर्ण उघडून बघायचे, एकूण संख्या जुळवायची, दुसरीकडं एक प्रत करायची, आणि मगच. तेही कॅमेऱ्यातून फॉरमॅट करायचं. कोपऱ्यावरच्या घरात हे 'मगच' तेवढं राहिलं, आणि सुनेवर आळ आला."

"दुसरी प्रत कशाला? लॅपटॉपवर आहेत की."

"हे तू सांगलीत राहून विचारतेस? २०१९च्या पुरात गावभागातल्या किती घरांतले लग्नाचे अल्बम लगदा होऊन बाहेर पडले! आमच्या निगेटिव्हचे डबे त्यातच गेले. वरच्या मजल्यावर ठेवलेली प्रतही शेवटी त्याच घरात. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावाला, लेकीकडं नाहीतर भावाकडं. कालच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह सकाळीच पुण्याच्या माहेरच्यांबरोबर गेलासुद्धा."

"म्हणजे बर्फीचा फोटो माहेरी पोचला! आता सासूबाई काय करतील?"

"मला काय करायचंय? तुझ्या त्या कार्डात आहे काय एवढं? अष्टविनायक?"

"नाही हो. ह्यांच्या ऑफिसची गोव्याची ट्रिप. मला काही ते फोटो दाखवले नाहीत कधी. कॅमेरा बिघडलाय म्हणतात."

"बिघडलाय? कार्ड काढून आण. कार्डाला कॅमेरा बिघडल्याचं सोयरसुतक नसतं."

"चारला येऊ?"

"चारला कशाला? भांडी घासून झाली की तशीच ये. रीडर माझ्याकडं आहे."