मेणवलीच्या घाटावरची पोरगी

"काय गं वैशाली, तुझ्या पुतण्यानं म्हणे मेणवलीला कुणा पोरीला भल्या पहाटे नदीत उभं केलं? दूधवाला सांगत होता."

"दूधवाल्याला अर्धंच दिसतं, माई. पुण्याची मॉडेल होती, साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात. आणि नदीत कुठली? पाण्याला ओढ होती, चांगली दोन पायऱ्या वर उभी होती. मी होते ना तिथे."

"तू कशाला गं मधे?"

"रिफ्लेक्टर धरायला! चंदेरी कापडाची गोल चकती असते. पिशवीतून काढली की फाडकन उघडते, आधी माझ्याच तोंडावर आली. ऊन तिच्या पाठीमागून घ्यायचं, म्हणजे केसांना सोनेरी कड येते. मग चेहरा काळा पडतो, म्हणून समोरून आपण उजेड परतवायचा. जरा हात हलला की तिच्या डोळ्यांत तिरीप, नि हा ओरडतोय, 'काकू, खाली! काकू, डावीकडे!' खांदे भरून आलेत अजून."

"मग दुपारी काढायचे सावकाश. उजेडच उजेड."

"दुपारी ऊन डोक्यावर, माई. डोळ्यांच्या खोबणी काळ्या नि नाकाखाली सावलीची मिशी. साडी कोण घेणार? दिवस उगवल्यावर तासभर काय तो कामाचा. पुढे झाडाखाली सरकलो, तर पानांतून झिरपणाऱ्या उजेडानं पोरीचं तोंड हिरवट! पांढरं कापड समोर धरलं तेव्हा माणसात आली."

"आणि तो म्हणे लांबूनच फोटो काढत होता. भांडण झालं की काय?"

"भांडण कसलं! ८५ची लेन्स. मोबाइल जवळ नेऊन काढला की नाक भज्याएवढं येतं. लांबून चेहरा जसाच्या तसा, नि मागचा घाट, देऊळ सगळं धूसर."

"अगं, नाना फडणवीसांचा घाट धूसरच करायचा, तर आमच्या न्हाणीमागे काढायचे की!"

"मीही तेच म्हटलं! तर म्हणे दगडाचा रंग फोटोत उतरतो. शिवाय २००४ला 'स्वदेस' आला ना तिथला, दुकानदाराला तो घाट हवाच होता. खरं तर आधी त्याला कासच्या फुलांत बसवायची होती. पोरगीच म्हणाली, फुलं चिरडून मी बसणार नाही."

"शहाणी दिसते."

"२०१२ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते पठार, तरी लोक फोटोसाठी फुलांत लोळतात. हिला सांगावं लागलं नाही. आईला बरोबर घेऊन आली होती, साडी बदलताना गाडीआड चादर धरली ती आईनंच. आणि आधी कागदावर सह्या, फोटो कुठेकुठे वापरायचे ते लिहून."

"आमच्या लग्नात एवढी विचारपूस नव्हती गं. पण ब्लाउज काय अंगावर बसला होता म्हणे! दूधवाल्याचं निरीक्षण."

"समोरून! पाठीमागे दोन मापं ढगळ. सगळा चिमट्यांवर. कपडे वाळत घालायच्या."

"चिमटे? निळे?"

"..."

"वैशाली, परवापासून माझ्या दोरीवरचे सहा चिमटे सापडत नाहीयेत."

"धुऊन आणून देते, माई."