डीजे अमुक इन द मिक्स... मिक्स... क्स

बीड जिल्ह्यात लग्नसराईत नवरदेवापेक्षा जास्त वेळा ज्याचं नाव पुकारलं जातं, तो डीजे अमुक. हा वरातीत नसतोच. तो केजात नाहीतर गेवराईत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागे लॅपटॉप मांडून बसलेला असतो. नाव मात्र टेम्पोवरच्या बॉक्सांतून गावभर घुमतं. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आहे, पण हे वरातीत सांगून उपयोग नाही. ऐकूच येणार नाही.

गाणं कुणाचंही असो, कोळीगीत असो की भीमगीत, पहिल्या ओळीआधी ‘डीजे अमुक... मुक... मुक’ आलंच पाहिजे. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा उदो करायला गोंधळी तोंड उघडतो, तेवढ्यात अमुक. उखाण्यात एकदा नवऱ्याचं नाव घ्यायला नवरीला सगळा मांडव गळ घालतो. अमुक स्वतःचं नाव दर कडव्याला चारदा घेतो, तेही न लाजता.

का, तर नाव घातलं नाही की दुसरा डीजे ट्रॅक चोरतो. म्हणजे न विचारता उचललेलं गाणं पुन्हा कुणी न विचारता उचलू नये, यासाठी हा बंदोबस्त. तरी धारूरचा तमुक ते उचलतोच. अमुकचं नाव गाण्यातून निघत नाही, म्हणून त्यावर सायरन टाकतो आणि सायरनच्या शेपटाला स्वतःचं नाव जोडतो. मग ते माजलगावला जातं. तिथला डीजे फलाणा सायरनवर हॉर्न चढवतो, हॉर्नवर सिंहाची डरकाळी आणि डरकाळीवर आपलं नाव. असं करत करत ते आष्टीच्या वरातीत पोचतं, तेव्हा चार मिनिटांत तीन डीजे, एक रुग्णवाहिका, एक ट्रक आणि एक सिंह एवढा ऐवज असतो. मूळ गाणारी बाई मधेच कुठेतरी अर्धी ओळ म्हणून जाते.

1902 साली कोलकात्यात भारतातली पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हाही गायक-गायिका आपलं नाव पुकारत. पण तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं आणि लेबल बरोबर लागावं, एवढ्यापुरतंच ते होतं. नाव गाण्याच्या शेवटी, एकदाच. आणि जो गायला त्याचंच!

मोबाइलने काही वाईटच केलं, असं नाही. कॅसेटच्या काळात बीडच्या गायकाला पुण्या-मुंबईच्या कंपनीचा उंबरा झिजवावा लागे. बाजारात काय यायचं ते कंपनी ठरवी. आता ऊसतोडीला गेलेला पोरगा फडात कोयता खाली ठेवून कोपीसमोर गातो आणि ते संध्याकाळच्या आत पाटोद्यातल्या त्याच्या आईच्या मोबाइलवर येतं. 29 जून 2020 ला 59 चिनी ॲप बंद झाली, तरी ही मंडळी थांबली नाहीत, रील्सवर गेली. हा खरा बदल, आणि चांगला. पण पोराचं गाणं चाललं रे चाललं की महिन्याभरात त्याच्यावर अमुक बसलाच.

आणि हलगी? प्रत्येक मिक्सच्या पोटात ती असते. कुणीतरी हाडामासाच्या माणसाने ती शेकोटीवर तापवली, बोटं सुजेस्तोवर वाजवली. कुणीतरी मोबाइलवर टिपून घेतली, तुकडा कापला, आणि आता तोच तुकडा जिल्हाभर फुकट कामाला जुंपलाय. डीजे आल्यापासून त्या माणसाला सुपारी नाही. त्याचं नाव कुठंय? सिंहाला जागा आहे, सायरनला आहे, हलगीवाल्याला नाही! याला कला म्हणत असाल तर खुशाल म्हणा. गावाकडे याला दुसरा शब्द आहे, तो छापता येत नाही.

‘कायद्याने सूट आहे,’ असं अमुक सांगतो. आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 लग्नाच्या वरातीत गाणं वाजवण्याला भंग मानत नाही. पण ती सूट वाजवण्यापुरती आहे; दुसऱ्याचं गाणं कापून आपल्या चॅनलवर चढवायला नाही. त्याच कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने वाद्य वाजवणाऱ्यालाही आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क दिलाय.

तेव्हा अमुकराव, पुढच्या ट्रॅकमधला एक सिंह कमी करा आणि तिथे हलगीवाल्याचं नाव घाला. इको लावून.