नाक धरा, यजमान

गणेश चतुर्थीच्या सकाळी आमच्या घरात सगळे असतात, पण हजर कुणीच नसतं. वहिनी ओट्यापाशी, तिचे कान मात्र दारावरच्या घंटीकडे. दादा मखराच्या दिव्यांची माळ सोडवतोय आणि मनानं दुपारी येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या लावतोय. आत्याला सकाळी सातलाच घोर लागलेला, की संध्याकाळच्या आरतीला खिरापत पुरेल ना? मुलं तर केव्हाच विसर्जनाच्या ढोलापर्यंत पोचलीत. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पाटावर रुमालानं तोंड झाकून निवांत बसलाय.

अशा वेळी ‘एक दीर्घ श्वास घ्या, वर्तमानात या’ असं सांगणारे हल्ली पैशाला पासरी मिळतात. सल्ला खोटा नाही. पण उकड गॅसवर असताना तो देणाऱ्याची धडगत नसते. गंमत म्हणजे हाच सल्ला पूजेच्या पोथीत अगदी सुरुवातीला आहे, आणि तो देणाऱ्याला आपण वर दक्षिणाही देतो.

आचमन झालं की गुरुजी म्हणतात, “प्राणायाम करा.” अंगठ्यानं उजवी नाकपुडी, अनामिका आणि करंगळीनं डावी, आणि मधल्या वेळात श्वास सावकाश आत-बाहेर. आमचे काका दरवर्षीचे यजमान. त्यांचं बोट नाकाला लागतं न लागतं तोच हात खाली. “यजमान, नाक धरा, नुसतं शिवू नका,” गुरुजी बजावतात. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मग काका तिथल्या तिथे खरी करून दाखवतात : “अगं, समईत तेल घातलंस ना?”

गुरुजींचाही इलाज नसतो. त्यांना त्या सकाळी अजून बरीच घरं उरकायची असतात. तेव्हा प्राणायाम झाला असं धरून ते संकल्पाकडे वळतात. हा संकल्प मला फार आवडतो. श्वेतवाराह कल्पापासून सुरुवात. मग वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचं पहिलं चरण, भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असं उतरत उतरत गुरुजी थेट काकांच्या गोत्रापर्यंत येतात. इतका खुलाशेवार पत्ता कुरिअरवालाही विचारत नाही. अफाट काळातून आणि अवकाशातून माणसाला हुडकून आणायचं आणि सांगायचं, की बाबा रे, तू इथे आहेस आणि आज चतुर्थी आहे. ज्यानं हा क्रम लावला, त्याला माणूस पुरता कळला होता. आधी श्वास, मग पत्ता. श्वास ठिकाणावर नसेल, तर पत्ता ऐकायला घरी कोण असणार?

आत्याला यातलं काही सांगावं लागत नाही. ती मोदक वळायला बसली की बघावं. तेलपाण्याचं बोट लावून मळलेली उकड, तिची तळहातावर फिरवत केलेली पातळ पारी, मधोमध सारण आणि चिमटीनं एकेक पाडत गेलेल्या कळ्या. नवखी माणसं कळ्या पाडताना श्वास रोखून धरतात. मग खांदे चढतात, बोटं ताठरतात आणि पारी चिरते. आत्याचे खांदे सैल, श्वास संथ, आणि कळी कळीला चिकटून उभी. “पारी चिरली की ओळखावं, बाई मनानं दुसरीकडे गेली,” असं ती म्हणते. सकाळचा खिरापतीचा घोर या वेळी कुठे जातो, देव जाणे.

आणि ज्यांना नाकही धरता येत नाही नि मोदकही वळता येत नाहीत, त्यांच्यासाठी आरती आहे. ‘येई हो विठ्ठले’मध्ये एक जागा अशी येते, की तिथे सूर सोडायचाच नाही अशी घराघरात पैज लागते. एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेणारी माणसं तिथे एकाच श्वासावर तग धरतात. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे सोडणं लांबलं, की जीव आपोआप निवतो. दादाचा सूर सगळ्यांच्या मागे रेंगाळतो, मुलं हसतात, वहिनी झांज थांबवून त्याच्याकडे बघते आणि तेवढ्यापुरती पाहुण्यांच्या गाड्यांची आठवण कुणालाच नसते. प्राणायामाला वेळ नसलेले काकासुद्धा त्या जागी डोळे मिटून, मान वर करून असा काही हेल काढतात, की शेजारचे दार उघडून बघतात.

बाकी दीड दिवस कसा जातो, ते कळतही नाही. उत्तरपूजा होते, हातावर दही पडतं आणि सगळे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून ओरडायला लागतात. या वर्षी मी आलो होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं बाप्पानं आजवर कधी उलट विचारलेलं नाही. पाहुणा भिडस्त आहे, एवढंच.