कोठीतल्या तांदळास अनावृत पत्र

प्रति,
मा. एचएमटी तांदूळ,
मु. पत्र्याची कोठी, स्वयंपाकघर,
आंजी (मोठी), ता. जि. वर्धा.

विषय : लॅपटॉप-दुरुस्तीचा अतिरिक्त कार्यभार काढून घेण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या घरात लॅपटॉप-तज्ज्ञ म्हणून झालेली आपली नेमणूक हे पत्र मिळताच रद्द समजावी आणि आपण मूळ खात्यात, म्हणजे वरणाशेजारी, विनाविलंब रुजू व्हावे. नेमणुकीच्या वेळी आपली पात्रता कुणी तपासली नव्हती. यात आपला दोष नाही. तांदळाकडे पात्रता मागायची आपल्या देशात पद्धतच नाही.

कोठीचे झाकण घट्ट असल्याने प्रकरणाची पार्श्वभूमी आपल्या कानावर गेली नसेल, म्हणून थोडक्यात देतो. मे महिन्यात आमच्या भागात माणूस घरात राहत नाही, कूलरसमोर राहतो. पारा 45च्या वर गेला की जेवण, झोप, भांडण आणि अभ्यास या चारही गोष्टी त्या एका चौकोनातच उरकतात. पुतण्याचा लॅपटॉपही तिथेच होता. कूलरच्या टाकीत पाइप सोडला होता. बोअरची मोटर सुरू झाली, पाण्याला जोर आला, पाइपाने टाकीतून मान बाहेर काढली आणि थेट कीबोर्डवर अभिषेक केला. पडदा काळा झाला. पुतण्याने अडॅप्टर भिंतीत तसाच ठेवून चालूचे बटण पुन्हा पुन्हा दाबले. ओल्या यंत्राच्या बाबतीत करू नयेत अशा या दोन गोष्टी, आणि त्या बहुतेक घरांत पहिल्या मिनिटातच होतात.

लगेच घरगुती ग्रामसभा भरली. एकाने गच्चीवर उन्हात ठेवायला सांगितले, एकीने हेअर ड्रायर आणला. शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "काही होत नाही जी, तांदुळात घालून ठेवा, उद्या पाहा कसा पयते!" ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि लॅपटॉप आपल्या कोठीत दाखल झाला.

मला पहिला प्रश्न पडतो तो आपल्याच निवडीचा. वर्धा जिल्हा कपाशीचा, सोयाबीनचा, तुरीचा. आपण मूळचे पूर्वेकडचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या धानाच्या बांधीतून पोत्यात बसून आलेले. ओल टिपायचीच होती तर चरख्याच्या या जिल्ह्यात कापूस काय कमी होता? पण कापूस पडला घरचा, त्याला कोण विचारतो. बाहेरगावचा म्हणून आपला सल्ला भारी.

कदाचित नावानेही घोळ केला असेल. आपले वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या छोट्याशा शेतात, लोंबी-लोंबी पारखून तयार केले, आणि त्या काळी हातात असणे म्हणजे प्रतिष्ठा होती त्या एचएमटी घड्याळावरून त्याला नाव पडले. 2018 साली दादाजी गेले. ज्या वाणाने कितीतरी शेतकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे भले केले, त्याने त्यांच्या स्वतःच्या पदरात फारसे काही टाकले नाही. एवढ्या मेहनतीने बारीक, मऊ भातासाठी घडवलेल्या दाण्याला आम्ही मदरबोर्ड सुकवायला बसवले. आपला अपमान झाला असेल तर तो इथे झाला.

आता आपल्या कामगिरीचे मूल्यमापन. ओल शोषण्याची आपली ख्याती बहुधा हॉटेलातल्या मिठाच्या डबीतून पसरली. तिथे मीठ मोकळे राहावे म्हणून चार दाणे टाकतात, तेवढे आपल्याला जमते. पण साठवणीच्या तांदळाच्या स्वतःच्या अंगातच 12 ते 14 टक्के ओल असते. उलट मे महिन्यातली आमची हवा अशी की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. म्हणजे विदर्भातल्या ऐन कोरड्या दिवसांत, फुकटची कोरडी हवा सोडून, लॅपटॉप झाकण लावून ओल बाळगणाऱ्याच्या ताब्यात दिला गेला. उघडा करून, कीबोर्डचे तोंड खाली येईल असा पालथा, पंख्याखाली ठेवला असता तर निदान पाणी आले त्याच वाटेने निथळले असते. 2024च्या सुरुवातीला ॲपल कंपनीने तिच्या मोबाइलधारकांना लेखी सांगितले की ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकते. लॅपटॉपच्या अंगाला तर फोनपेक्षा कितीतरी जास्त भोके असतात.

पण मुख्य तक्रार सुकवण्याची नाहीच. पाणी आज ना उद्या आपोआप उडते. मागे राहते ते भोवते. आमच्या बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून वर येते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. महिनाभर चाललेल्या कूलरची ताटी काढून पाहावी, गवतावर पांढरा टणक थर बसलेला असतो. तसाच थर मदरबोर्डवर बसतो, फक्त तिथे सोल्डरच्या शेजारच्या दोन टाक्यांत अर्धा मिलिमीटरही अंतर नसते. त्यातून वीज चालू असेल तर धन टोकाचे तांबे त्या पाण्यात विरघळून ऋण टोकाकडे सरकू लागते आणि हिरवट गंज धरतो. बंद लॅपटॉपमध्येही बॅटरी जोडलेलीच असते, काही रेषांवर वीज खेळत असते. आपण कोठीत शांतपणे पहुडला होता, तेव्हा आपल्या कुशीत हे सगळे बिनबोभाट चालू होते.

त्यातही वाईट म्हणजे अशी यंत्रे कधी कधी सुरू होतात. मग घरोघर आपला जयजयकार होतो. पुढे मृगाचा पाऊस लागतो, राहिलेले क्षार दमट हवेतली ओल ओढतात आणि यंत्र एका सकाळी निपचित पडते. तेव्हा आपले नाव कुणी घेत नाही. "कंपनीचा मालच खराब" असा निकाल लागतो.

आमच्याकडचे यंत्र तेवढेही उठले नाही. कोठीतून काढल्यावर एक दिवा लागला आणि विझला. कंपनीच्या सेवा केंद्रात झाकण उघडताच आतला पांढरा ठिपका लाल झालेला दिसला. पाणी लागले की रंग बदलणारी ती चिकटपट्टी मुद्दाम लावलेली असते, आणि साध्या वॉरंटीत पाण्याचे नुकसान बसत नाही; त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण आधीच विकत घ्यावे लागते. तिथला सल्ला एकच, अख्खा बोर्ड बदला. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022मध्ये पोर्टल काढले खरे, पण काउंटरपलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याची काही खूण नव्हती.

शेवटी आर्वी रोडने वर्ध्याला गेलो आणि एका गाळ्यात भिंग लावून बसणाऱ्या पोराकडे यंत्र दिले. त्याने आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतला. ज्याला आम्ही पाण्यापासून वाचवत होतो, त्याला हा पोरगा पुन्हा धूत होता, हे पाहून पुतण्याच्या पोटात गोळा आला. पोरगा मान वर न करता म्हणाला, "त्याच दिवशी बॅटरी सोडून आणला असता तर अर्ध्यात झालं असतं भाऊ." मग मीटर लावून त्याने शॉर्ट झालेला भाग हुडकला. एसएसडीची पट्टी काढून दुसऱ्या यंत्रात लावली, तर पुतण्याचा सगळा प्रोजेक्ट जागेवर. बोर्डाचे सांगता येत नाही म्हणाला, कीबोर्ड मात्र गेला.

आपल्या सेवापुस्तिकेत एक चांगली नोंद करणे न्यायाचे होईल. आपल्या ताब्यात असेपर्यंत घरातल्या कुणालाही चालूचे बटण दाबता आले नाही. हे काम अडॅप्टर काढून आणि कपाटाला कुलूप लावूनही झाले असते, पण कपाटावर आमच्या घरात कुणाची श्रद्धा नाही.

तरी आपण कार्यभार सोडावा. आपल्या जागी वर्ध्याच्या त्या गाळ्याचा फोन नंबर कूलरवर चिकटवला आहे. शेजारच्या काकांचा मोबाइल परवा हौदात पडल्याचे ऐकतो. त्यांच्याकडून बोलावणे आल्यास आजारपणाची रजा टाकावी.

आपला,
वरणभाताचा जुना हितचिंतक

ता. क. : चार्जिंगच्या खाचेतून आणि पंख्याच्या पात्यांमधून गाळेवाल्या पोराने चिमट्याने काढलेले आपले काही कर्मचारी पुडीत बांधून सोबत पाठवत आहे. पोच द्यावी. ते काढण्याची मजुरी बिलात वेगळी लावली आहे.