किती देते?

आपल्याकडे माणसाला पगार विचारला तर तो विषय बदलतो, वय विचारलं तर नुसता हसतो. गाडीचं ॲव्हरेज विचारलं की मात्र गाडी स्टँडला लावून सविस्तर बोलायला लागतो. ‘किती देते?’ एवढंच विचारायचं. काय देते, हे सांगावं लागत नाही. सिग्नलला शेजारचा अनोळखी माणूस हेल्मेटची काच वर करून हा प्रश्न टाकतो आणि हिरवा दिवा लागायच्या आत त्याला उत्तर मिळतं. ते उत्तर 60 च्या खाली मी अजून ऐकलेलं नाही. ज्यांच्या गाड्या 60 च्या खाली देतात, ते लोक बहुधा रिक्षाने फिरत असावेत.

या आकड्याचा पेट्रोलशी संबंध कमी, अब्रूशी जास्त. राजदूत आणि येझदीच्या काळात रुबाब आवाजावर मोजला जायचा. 1985 साली हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी 100 आली आणि सगळं गणितच बदललं. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. लोकांनी पहिल्या दोन सूचना निमूटपणे पाळल्या. विसरणं तेवढं कोणाला जमलं नाही.

माझ्या भाच्याला बाणेरला नोकरी लागली तेव्हा वारज्याहून जायला-यायला एखादी जुनी मोटारसायकल घ्यायचं ठरलं. ताई म्हणाली, “तू मामा आहेस, तूच बघ.” लग्नात अंतरपाटाशी उभं राहण्याचा मान आणि सेकंडहँड गाडी बघण्याचं काम, ही दोन्ही मामाच्या वाट्याला कशी आली कोण जाणे. मी जाहिराती वाचायला घेतल्या. ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टर युज्ड’, ‘फक्त ऑफिसला वापरलेली’. त्या वाचून पुण्यातल्या यच्चयावत डॉक्टरांनी गाड्या विकल्या असून ते आता व्हिजिटला पायी जातात, असा माझा समज झाला.

शेवटी सहकारनगरातल्या एका निवृत्त काकांची गाडी पाहायला गेलो. शंभर सीसी, काळा रंग, 2016 चं मॉडेल, मीटरवर 18,400. सोबत आमच्या गॅरेजवाल्या चाचांना नेलं होतं.

“नऊ वर्षांत फक्त अठरा हजार?” मी विचारलं.

“अहो, आम्ही जातो कुठे?” काका म्हणाले. “बँक, मंडई आणि गुरुवारी दत्ताचं देऊळ.”

चाचांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ खाली बसले. मीटर बदलता येतं, मागे घेता येतं, नाहीतर पुढच्या चाकातून वर येणारी केबल काढून ठेवली की गाडी पंढरपूरला जाऊन आली तरी ते ढिम्म हलत नाही. शिवाय जुन्या मीटरला पाचच आकडे. 99,999 झाले की पुन्हा शून्य. माणसाला पुनर्जन्म आहे की नाही यावर वाद आहेत, मीटरला तो नक्की आहे. पायाखालच्या रबराला मात्र यातलं काही करता येत नाही. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, ब्रेकच्या पॅडलवरच्या रेघा पुसलेल्या, गिअरच्या दांडीच्या टोकाचं रबर आरपार फाटून आतलं लोखंड चमकणारं. चाचांनी टायरवरचे चार आकडे वाचले. पुढच्यावर 2316, म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. मागच्यावर 0823, म्हणजे 2023 चा आठवा.

“पुढचा ओरिजिनल आहे. मागचा बदलला,” चाचा म्हणाले. “टायर जातो, मान्य. पण चेन-स्प्रॉकेट नवीन, क्लच नवीन? मंडईत जाऊन?”

“भाजी जड असते,” काका म्हणाले.

एवढ्यात भाच्याने साइडचं कव्हर उघडून आतून एक तेलकट पुस्तिका काढली. तिच्यात सर्व्हिस सेंटरवाले दर खेपेला किलोमीटर लिहून देतात. शेवटच्या पानाप्रमाणे 2019 साली गाडी 31,200 किलोमीटर चाललेली होती. म्हणजे त्यानंतरची सहा वर्षं ती दिवसेंदिवस तरुण होत आली होती. असं वरदान पुराणात ययातीला मिळालं, आणि त्यालाही मुलाकडून मागून घ्यावं लागलं.

काका जराही गडबडले नाहीत. “मीटर फुटलं, नवीन बसवलं. ते बसवल्यापासून अठरा हजार झालेत. त्यात खोटं काय आहे?”

खरोखरच काही खोटं नव्हतं. मीटर खरं सांगत होतं, स्वतःबद्दल सांगत होतं. आम्ही ते गाडीबद्दल समजत होतो.

मग ॲव्हरेज. काकांचा आकडा 70. चाचांचा 70 या आकड्यावर विश्वास नाही. त्यांनी बाटलीत मोजून 100 मिली पेट्रोल घेतलं, टाकीची नळी काढून बाटलीची नळी कार्ब्युरेटरला जोडली आणि आम्हाला पिटाळलं. मी बाटली धरून मागे, भाचा पुढे. गाडी बंद पडली तिथे मोजलं तर 5.4 किलोमीटर. म्हणजे लिटरला 54. परत गाडी ढकलत आणताना माझंही ॲव्हरेज कळलं, ते इथे सांगत नाही.

“तुम्ही डबल सीट गेलात,” काका म्हणाले. “तसं नसतं करायचं. एकट्याने जायचं. सकाळी सहाला. चौथ्या गिअरमध्ये, चाळीसच्या स्पीडने. मध्ये सिग्नल लागता कामा नये, ब्रेक मारता कामा नये, हवा कालच भरलेली पाहिजे.” थोडक्यात, पुण्यात कोणी राहत नसेल तर ही गाडी 70 देते. कंपन्यांचा जाहिरातीतला आकडाही थोडाफार अशाच निर्मनुष्य जगातून येतो, त्यामुळे काकांना एकट्यालाच दोष देण्यात अर्थ नाही.

तेलकट पुस्तिकेच्या जोरावर 42,000 ची गाडी 33,000 वर आली. “कागदपत्रं क्लिअर आहेत,” काका म्हणाले. “इन्शुरन्स आठ महिने चालू आहे. त्यात माझा पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, तो तुम्हाला फुकट.”

आमचं विम्याचं काम बघणाऱ्या गृहस्थांना फोन लावला तर ते बराच वेळ हसत राहिले. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. हा माणसाच्या वर्तणुकीचा दाखला आहे. काकांचा दाखला त्यांच्याच दुसऱ्या गाडीला लागेल. आमच्या नावावर पॉलिसी करताना कंपनी उरलेल्या आठ महिन्यांची सवलत आमच्याकडूनच वसूल करणार. काका जे फुकट देत होते, त्याचं बिल आम्हाला येणार होतं.

“आणि गाडीची किंमत किती धरलीय पॉलिसीत?” मी विचारलं.

“बावीस हजार.”

हे ऐकून काका जे दुखावले, ते चाचांच्या पंचनाम्यानेही दुखावले नव्हते. विम्याच्या भाषेत ही आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. नव्या गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांतच 5 टक्क्यांनी उतरते, वर्षाच्या आत 15, आणि पाचव्या वर्षी निम्मी. त्यापुढे कंपनी आणि मालक समजुतीने ठरवतात. यात समजूत मालकाने घालून घ्यायची असते. वर प्लास्टिकचा आणि रबराचा कुठलाही भाग बदलला तर त्याची निम्मीच किंमत मिळते. ज्या फाटक्या रबराने काकांचं पितळ उघडं पाडलं, त्याची किंमत विम्यालाही कळलेली होती.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भाच्याची गाडी महिन्याला 500 किलोमीटर फिरणार. लिटरला 65 आणि 55 यांतला फरक म्हणजे महिन्याला साधारण 1.4 लिटर पेट्रोल. लिटरला 105 रुपये धरले तरी महिन्याचे 147, वर्षाचे जेमतेम 1,760. एवढ्यासाठी आम्ही नळ्या जोडल्या, बाटल्या धरल्या, गाडी ढकलली. आणि थर्ड पार्टी विमा? 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 2022 च्या जूनपासूनचा दर 714 रुपये, कर धरून 842. समोरच्या माणसाचा जीव गेला किंवा तो जायबंदी झाला, तर भरपाईला वरची मर्यादा नाही. कोर्ट ठरवेल ते कंपनी भरते. विमा नसेल तर आपण भरायचं, शिवाय पहिल्यांदा सापडलो की 2,000 दंड, दुसऱ्यांदा 4,000. घर विकायला लागू नये म्हणून वर्षाला 842 रुपये, आणि त्याबद्दल सिग्नलला कोणी काच वर करून विचारत नाही. ‘थर्ड पार्टी कधीपर्यंत आहे?’ असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेलो. काकांनी नाव बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून ठेवल्या होत्या. “नाव काय, करा सावकाश. माझे मेव्हणे चार वर्षं दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवत होते.”

“काका,” भाचा म्हणाला, “आरटीओच्या नोंदीत जोवर तुमचं नाव आहे, तोवर कायद्याने मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने 2018 साली तसंच सांगितलंय. मी उद्या कोणाला ठोकलं, तर कोर्टाची नोटीस सहकारनगरला येणार.”

“पण इन्शुरन्स आहे ना?”

“थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप माझ्याकडे येतं. बाकीचं यायला 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी माझ्या नावावर करायला लागेल. आणि माझ्या हातून एखादी भानगड झाली आणि कंपनीने अंग काढून घेतलं, तर पहिला फोन तुम्हाला.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. नऊ वर्षांत बँक, मंडई आणि दत्ताच्या देवळापलीकडे न गेलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या आधी आरटीओत हजर होता. आधार, पॅन, पीयूसी, पॉलिसी, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. नाव चढायला थोडे दिवस गेले, तेवढ्या दिवसांत त्यांनी भाच्याला रोज सकाळी फोन केला. “बाळा, चाळीसच्या वर नेऊ नकोस. डबल सीट नको. सिग्नल सुटला तरी आधी दोन्हीकडे बघ. हवा भरलीस ना? चौथ्या गिअरमध्येच ठेव.” भाचाही सालस, त्याने सगळं ऐकलं.

महिनाअखेरीला त्याने टाकी फुल करून हिशेब मांडला. गाडीने लिटरला 63 दिले होते. काकांना कळवलं तर ते म्हणाले, “मी सांगत होतो ना!” थर्ड पार्टीच्या धाकाने ॲव्हरेज नऊने वाढतं, हा शोध कोणा कंपनीला अजून लागलेला नाही, लागला तर पॉलिसी गाडीबरोबर फुकट मिळेल. नाव बदलल्याचा मेसेज आला त्या दिवसापासून काकांचे फोन बंद झाले आणि गाडी पुन्हा 54 वर आली.