पंचनामा म्हणजे विमा नव्हे

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरात कौलं फुटली, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. मग पंचनामे झाले. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने मदत वाढवून दिली, तीही दीड लाख रुपये. दीड लाखात घर उभं राहतं का? सरकारी मदत हा दिलासा असतो. भरपाई हवी तर विमाच हवा.

वादळाचा निदान इशारा मिळतो. भूकंप तेवढीही सवड देत नाही. १९६७ला कोयना आणि १९९३ला किल्लारी, दोन्ही ठिकाणं लोक झोपेत असताना हादरली. किल्लारी तर तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आपला किनारा त्याहून वरच्या पट्ट्यात मोडतो.

१ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आहे. आग, वादळ, पूर, दरड आणि भूकंप, सगळं तिच्यात येतं. भूकंपासाठी वेगळा अर्ज लागत नाही. हिशेब सोपा आहे: घराचं चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर. ८०० चौरस फूट आणि २,००० रुपये दर धरला, तर विमा १६ लाखांचा. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं. अलिबागेत गुंठ्याचा भाव कितीही चढो, जागेची किंमत यात धरायची नाही.

गृहकर्ज असेल तर बँकेने उतरवलेली पॉलिसी मागून घ्या आणि वाचा. विमा घराचा आहे की फक्त कर्जदाराच्या जिवाचा, हे आजच कळू दे.

आपल्याकडे घोडं अडतं ते कागदांवर. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, भाऊ मुंबईला, घराला वर्षभर कुलूप. वारसांची नावं ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर लावून घ्या. घर बंद असतं हे अर्जात स्पष्ट लिहा. लपवलंत तर दाव्याच्या वेळी तोंडघशी पडाल. भिंती, छप्पर, सामान यांचे फोटो काढून ठेवा.

गणपतीत सगळे भाऊ एका छपराखाली असतात. यंदा विसर्जनाआधी कागदांवर सह्या करा आणि त्या छपराचा विमा उतरवूनच मुंबईची गाडी पकडा.