पुढची तारीख

दिवाणी दावा सोडला, तर एवढ्या तारखा फक्त आमच्या बाळालाच पडल्या असतील. सोनोग्राफीची 11 सप्टेंबर, डॉक्टरांची 18, आजीची 20, नवऱ्याची 21 आणि आत्याची 22. आज 23 आहे. पाचही तारखा उलटल्या. ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते आत निवांत आहे.

सोनोग्राफीच्या यंत्राने बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून 11 तारीख छापली. ‘शेवटच्या महिन्यातली तारीख धरायची नसते, सुरुवातीच्या सोनोग्राफीतली धरायची,’ असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण बाबा छापील गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या पिढीतले. त्यांनी 10 तारखेच्या रात्रीच गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली. तेव्हापासून ती जागची हललेली नाही. भाजीला पायी, बँकेत पायी. ‘ऐनवेळी गाडी नको का?’ हॉस्पिटल आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. मिरजेत सतार आणि दवाखाना या दोन गोष्टींसाठी लांब जावं लागत नाही.

डॉक्टरांची 18 तारीख नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या हिशोबाची. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून तीन महिने मागे जायचं, सात दिवस मिळवायचे आणि वर्ष पुढचं धरायचं. म्हणजे झाले नऊ महिने सात दिवस. आजीने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘नऊ महिने नऊ दिवस असतात. त्याचे दोन दिवस चुकले.’ एकोणिसाव्या शतकापासून जगभर चाललेला नियम आजीने पाटावर बसून, लसूण सोलता सोलता दुरुस्त केला आणि 20 तारीख जाहीर केली.

नवऱ्याची 21, कारण तो रविवार. पुण्याहून शनिवारी यायचं, रविवारी बाळ पाहायचं आणि सोमवारी मीटिंग गाठायची, असा त्याचा बेत. आत्याची 22, कारण त्या दिवशी घटस्थापना. त्याआधी पितृपक्ष. ‘पक्षात नको गं बाई,’ असं ती माझ्या पोटाकडे बघून अशा सुरात म्हणायची, जणू आत निरोप्या बसलाय. आजीचं मत नेमकं उलटं. ‘आपले हेच परत येत असतील, तर त्यांना तिथी कसली विचारता?’ आजोबा परत येण्याच्या कल्पनेने बाबा मात्र जरा गंभीर झाले.

यायला नको, यावर घरात एकमत झालं ते एकाच रात्री. 7 तारखेला खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री दहाच्या सुमाराला लागलं ते दीडच्या सुमाराला सुटलं. तोवर चिरायचं नाही, शिवायचं नाही, कूस बदलायची तीही बेताने. पाणी प्यायचं नाही, हे मात्र मी मानलं नाही. आजी उशाशी बसून पहारा देत होती आणि घोरत होती.

मुलगा की मुलगी हे 1994च्या कायद्याने कुणाला सांगता येत नाही. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तसा फलकही आहे. पण कायदा यंत्राला लागू आहे, शेजारच्या काकूंच्या डोळ्यांना नाही. पोट टोकदार म्हणून मुलगा, चेहरा उजळला म्हणून मुलगी, दोन्ही निकाल त्यांनी एकाच चहात दिले.

फोनचं तर विचारूच नका. फोन मी उचलला, की पलीकडच्याचा हिरमोड होतो. ‘अगंबाई, तूच का? म्हणजे अजून मोकळी नाही झालीस?’ माझा ठणठणीत आवाज ही सध्या सगळ्या नातेवाइकांसाठी वाईट बातमी आहे. ऑफिसातल्या मुलीलाही तारीखच हवी. कायद्याने सव्वीस आठवडे रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. त्यासाठी तिच्या फॉर्मात एक चौकोन आहे, आणि त्या चौकोनात ‘येईल तेव्हा’ मावत नाही.

अधूनमधून रात्री पोट दगडासारखं घट्ट होतं. मग आई उठते, बाबा किल्ली शोधतात, पिशवी दारात येते. त्या पिशवीत फाइल, गाऊन, जुन्या साड्यांची दुपटी, झबली, कुंची आणि आईने रोज एकेक वाढवलेलं काहीतरी आहे. ती उचलायला आता दोघं लागतात. एवढं होईस्तोवर कळा गायब. या खोट्या कळांचं वर्णन 1872 मध्ये ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने केलं आणि नावही त्याचंच लागलं. ज्या कळांना पुरुषाचं नाव आहे, त्या खोट्या निघाव्यात यात नवल नाही.

डॉक्टरीणबाई शांत आहेत. शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं दिलेल्या तारखेला येतात, म्हणाल्या. तर मग तारीख देता कशाला, असं ओठांवर आलं होतं. पण घरच्यांकडे पाहिलं आणि कळलं. वाट बघायची तर माणसाला धरायला काहीतरी लागतं. बाबांनी यंत्र धरलं, आजीने परंपरा, आत्याने पंचांग आणि नवऱ्याने रविवार. तारीख बाळाची कुणाचीच नव्हती, ज्याची त्याची सोयीची होती.

आता बाईंनी नवी तारीख दिली आहे. आपणहून काही झालं नाही, तर 25ला सकाळी ॲडमिट. घर एकदम हुशारलं. नवरा रजा मागतोय, आत्या पंचांग चाळतेय आणि बाबांनी गाडी पुसली.

माझी तारीख मात्र इतक्या दिवसांत कुणी विचारली नव्हती. म्हणून काल रात्री, डाव्या कुशीवर पडल्या पडल्या, मीच आजीला सांगून टाकली. ज्या दिवशी मला मनसोक्त पालथं झोपता येईल, ती माझी तारीख.

‘बाळंतीण पालथी झोपत नाही हो,’ आजी म्हणाली, ‘सव्वा महिना.’